तीनशे ग्रॅम पाव : छळछावणीतले जगणे शाळेत, वाचनालयात कसे मांडावे

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य जर्मनव्याप्त पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छावणीत शिरले तेव्हा तिथे सुमारे ७,००० कैदी उरले होते. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली हा दिवस ज्यूंच्या संहाराच्या स्मरणासाठी नेमून दिला. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो. मैदानावर झेंडावंदनासाठी मारलेली फक्की ताजी असते, सकाळी अंगात स्वेटर असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळेत किंवा तालुक्याच्या वाचनालयात हा विषय घ्यायचा तर याहून चांगला दिवस नाही.

ही मांडणी नववीपासून पुढच्या मुलांसाठी आणि मोठ्यांच्या वाचक गटांसाठी आहे. त्याहून लहान वर्गात हा विषय घेऊ नये. तीन तासिका लागतात. एकाच तासिकेत उरकले तर मुलांच्या हाती आकडे आणि भीती एवढेच उरते.

सामान थोडे आहे: शिंप्याची १५० सेंटिमीटरची टेप, लांब मोजपट्टी किंवा दर मीटरला गाठ मारलेली सुतळी, एक पाटी फक्की, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक लिटरचे माप, फूटभर काडी, दोरा आणि युरोपचा भिंतीवरचा नकाशा. प्रोजेक्टर नसला तर अडत नाही. तो असला की कुणीतरी प्रेतांच्या ढिगांचे फोटो लावतो, आणि त्यानंतर मुलांच्या कानात काहीच शिरत नाही. ज्यांचे ते देह होते त्या माणसांनी असे दिसायला होकार दिला नव्हता, हेही विसरू नये.

आधी टेप

'ज्यांची इच्छाशक्ती मोठी, ते वाचले.' हे वाक्य आपल्याकडे प्रेरणादायी व्याख्यानांतून इतके फिरले आहे की मुले ते आधीच ऐकून येतात. ते खोटे आहे, आणि मेलेल्यांवर अन्याय करणारे आहे. मग जे मेले त्यांची इच्छा कमी पडली का? चार वर्षांच्या मुलाची? त्याला कडेवर घेतलेल्या आजीची? म्हणून पहिल्या तासिकेची सुरुवात छावणीतल्या युक्त्यांनी न करता टेपने करा.

एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० माणसे असे धरा. ऑशविट्झला आणलेली माणसे सुमारे १३ लाख. त्यांत जवळजवळ ११ लाख ज्यू. फळ्यावर टेप आडवी लावून १३० सेंटिमीटरची रेघ ओढा. आता शून्यापासून ९० वर खूण करा. एवढ्या माणसांची नोंदसुद्धा झाली नाही. आगगाडीतून उतरल्यावर बहुतेकांना त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये मारले. उरले ४० सेंटिमीटर. नोंद झालेले कैदी ते एवढेच, आणि त्यांत ज्यूंबरोबर पोलिश, रोमा (युरोपातली एक भटकी जमात) आणि सोव्हिएत युद्धकैदीही होते. या ४० मधले साधारण २० सेंटिमीटर तिथेच मेले. बाकीच्यांपैकी पुष्कळांना दुसऱ्या छावण्यांत हलवले आणि तिथेही मरणे चालूच राहिले.

पुढच्या दोन तासिकांत जे काही सांगाल ते या ४० सेंटिमीटरबद्दल आहे. ९० सेंटिमीटरमधल्यांना कोणतीही युक्ती करायला वेळच मिळाला नाही. फलाटावर जुने कैदी नव्याने उतरलेल्या पोराच्या कानात 'वय अठरा सांग' असे कुजबुजत, कारण चौदा-पंधराच्या खालचे सरळ मरणाच्या रांगेत जात. ती कुजबुज ज्याच्या कानावर पडली तो दुसऱ्या रांगेत गेला. दहा पावले मागे असलेल्याने ती ऐकली नाही. यात कर्तृत्व शोधू नका.

सगळ्या युरोपात मारलेले ज्यू सुमारे ६० लाख. याच मापाने सहा मीटर, म्हणजे शिंप्याच्या चार टेपा. बहुतेक वर्गांची एक भिंत एवढी भरते. रेघ तिन्ही तासिका पुसू नका.

शब्द नीट वापरले नाहीत तर

'छावणी' म्हटले की मुलांना स्काउटचे किंवा सेवा योजनेचे शिबिर आठवते. दुष्काळी भागात चारा छावणी. तीन शब्द वेगळे करून सांगा. घेट्टो म्हणजे शहरातला कोंडलेला मोहल्ला. छळछावणी म्हणजे कैद्यांना मरेपर्यंत राबवायची जागा. पहिली मोठी छळछावणी डाखाऊ इथे मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांतच उघडली, तीही आधी राजकीय विरोधकांसाठी. संहारछावणी म्हणजे माणसे आणून मारण्यापुरतीच जागा: हेल्मनो, बेल्झेत्स, सोबिबोर, त्रेब्लिंका. त्रेब्लिंकात आठ लाखांहून अधिक ज्यू मारले गेले आणि तिथून निसटून युद्धानंतर हयात राहिलेले शंभरही नव्हते. ऑशविट्झ दोन्ही प्रकारची होती, म्हणूनच तिथल्या जगण्याबद्दल बोलायला साक्षीदार तरी उरले.

तुरुंग आणि छावणी यांतला फरक खानदेशात सांगायला एक चांगले उदाहरण हाताशी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. तिथे सक्तमजुरी होती, पण शिक्षेला तारीख होती, बसून ऐकायला रविवार होता, लिहायला कागद होता. छावणीतल्या ज्यू कैद्यावर खटला झालेला नसे, सुटकेची तारीख नसे, आणि साधी पेन्सिल सापडली तरी मार किंवा त्याहून वाईट. दोन्ही ठिकाणच्या दुःखाची तुलना करायची नाही. फक्त 'कैदी' हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाचा नाही, एवढे मुलांना कळले पाहिजे.

'ज्यू म्हणजे कोण?' हा प्रश्न येतोच. कोकणातले बेने इस्रायल सांगा. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. एवढ्याने परका शब्द जवळ येतो. मात्र त्यांच्यावर हा संहार आला नव्हता, हे लगेच जोडा. तसेच कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या पोलिश निर्वासितांची गोष्ट कुणीतरी हमखास काढतो. ती माणसे सोव्हिएत हद्दीतून, स्टालिनच्या हद्दपारीतून आली होती. नाझी छावण्यांतून नव्हे. आणि दारावरचे स्वस्तिक? चिन्ह नाझींनी उचलले, घरच्या रांगोळीचा त्यांच्याशी संबंध नाही. दोन वाक्यांत सांगून पुढे जा, नाहीतर अख्खी तासिका त्यातच जाते.

मैदानावरची फक्की

बिर्केनाऊ म्हणजे ऑशविट्झचा सर्वांत मोठा भाग. तिथल्या लाकडी बराकी मुळात घोड्यांच्या तबेल्यांच्या नमुन्यावर बांधल्या होत्या. एका तबेल्यात ५२ घोडे मावावेत असा हिशेब होता; त्याच मापात चारशेवर माणसे ठेवायचे ठरले, आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त कोंबली गेली. माप: लांबी ४०.७६ मीटर, रुंदी ९.५६ मीटर. मोठ्या कबड्डीचे मैदान १३ बाय १० असते. तशी तीन मैदाने लांबीला जोडली की जवळजवळ तेवढीच जागा होते. आपल्या पोरांना हे माप पायांना माहीत असते.

आखताना आधी एक कोपरा ठरवून खुंटी ठोका. गवंडी गुण्या काढतात तसा ३-४-५ चा काटकोन धरा: एका सुतळीवर तीन मीटर, दुसरीवर चार, आणि दोन्ही टोकांतले अंतर बरोबर पाच. हे न करता नजरेने रेघ ओढली तर चाळीस मीटर पुढे ती चांगली हातभर सरकते आणि चौकोन मिटतच नाही. सुतळी ओली झाली की तिची लांबी बदलते, म्हणून दव असेल तर मोजपट्टीच वापरा. मैदान लहान असेल तर लांबीचा चौथा भाग, १०.१९ मीटर, एवढाच आखा आणि 'या तुकड्यात शंभरावर' असे सांगा.

विटांच्या बराकी वेगळ्या होत्या. त्यांत विटांच्या आडभिंती घालून ६० खण पाडलेले, प्रत्येक खणाला तीन मजले, म्हणजे १८० झोपायच्या जागा. एका जागेवर चौघे. असे ७०० हून जास्त. फळीवर गवत, त्यावर पातळ कांबळे. एकाने कूस बदलली की चौघांनी बदलायची.

आता महत्त्वाचे. मुलांना त्या चौकोनात उभे करू नका, झोपवू नका, दाटीवाटीने बसवू नका. हातावर आकडा लिहू नका, उपाशी ठेवू नका, शिपायाची भूमिका कुणाला देऊ नका. असले प्रयोग उत्साहाने केले जातात आणि दर वेळी फसतात. अर्धी मुले हसतात, कारण तो त्यांना खेळ वाटतो. एखादे मूल घाबरून रडते. आणि सगळ्यांना वाटते की 'आपल्याला आता कळले'. कळलेले काहीच नसते, कारण घंटा झाल्यावर घरी जायचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. चौकोनाच्या बाहेरून चालत एक फेरी मारा, कुणी बोलायचे नाही. एवढे पुरते.

नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत आणखी एक काळजी. तिथली मुले आधीच घरापासून लांब, ओळीने मांडलेल्या खाटांवर झोपतात, ताट घेऊन रांगेत उभी राहतात. हा चौकोन त्यांच्या वसतिगृहासमोर आखू नये आणि 'तुमच्यासारखीच रांग' असले वाक्य चुकूनही तोंडून जाऊ देऊ नये.

दिवसाचे अन्न काट्यावर

दुसरी तासिका अन्नाची. तीच सर्वांत जास्त लक्षात राहते.

उन्हाळ्यात पहाटे साडेचारला उठवत, हिवाळ्यात तासभर उशिरा. सकाळी सुमारे अर्धा लिटर काळे पाणी, नाव कॉफी किंवा पाल्याचा चहा, साखर नाही. दुपारी पाऊण ते एक लिटर पातळ सूप: गुरांना घालतात तसला कंद, थोडा बटाटा, भरडा. संध्याकाळी सुमारे ३०० ग्रॅम काळा पाव आणि त्याबरोबर २५ ग्रॅमच्या आसपास सॉसेज, नाहीतर तेवढेच मार्गारीन, नाहीतर चमचाभर मुरंबा. हाच पाव दुसऱ्या दिवशीच्या सकाळलाही पुरवायचा.

इथे दोन चुका ठरलेल्या. 'पाव' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर पांढरा, फुगलेला लादीपाव येतो. तो ३०० ग्रॅम ठेवला तर ढीग दिसतो आणि 'एवढा होता की!' असे कुणीतरी म्हणते. छावणीचा पाव जड, ओलसर, गच्च होता. दुसरी चूक भाषांतराची: तो राय नावाच्या धान्याचा होता, पण छापताना 'राईचा पाव' होते आणि मुलांना मोहरी आठवते. 'राय हे गव्हासारखे एक थंड प्रदेशातले धान्य' असे फळ्यावर लिहा.

त्यापेक्षा घरच्या भाकरीने समजवा. दोन-तीन मुलांना कळण्याची भाकरी आणायला सांगा आणि काट्यावर ठेवा. प्रत्येक घराच्या हाताप्रमाणे वजन वेगळे भरेल, ते फळ्यावर लिहा. ३०० ग्रॅमला किती भाकऱ्या लागतात ते मुले स्वतः काढतील. मग लिटरचे माप पाण्याने भरून शेजारी ठेवा. हे दिवसाचे. यातून शरीराला मिळत सुमारे १,३०० ते १,७०० कॅलरी. जड काम करणाऱ्या पुरुषाला ३,००० हून जास्त लागतात. काम सुमारे अकरा तास: खड्डे, दगड, रूळ. तूट रोजची, म्हणून शरीर आधी चरबी खाते, मग स्नायू. पायांवर सूज, जुलाब, आणि काही आठवड्यांत माणूस अशा अवस्थेला येतो की बोलावले तरी मान वर करत नाही. या अवस्थेला छावणीच्या बोलीत एक शब्द होता, जो आपल्याकडे एका धर्माच्या लोकांचे नाव आहे. तो वर्गात उच्चारू नका. मोठ्यांच्या गटात साक्ष वाचताना आलाच तर आधी थांबून अर्थ सांगा आणि मग पुढे वाचा.

काट्यावरच्या भाकऱ्या तासिका संपल्यावर ज्याच्या त्याला परत द्या. त्या टाकल्या तर मुले विसरत नाहीत.

थंडीचे तसेच. ४५ अंशांचा मे महिना भुसावळच्या पोराला सांगावा लागत नाही, पण उणे १५-२० त्याच्या अनुभवात नाही. बर्फाची वर्णने करत बसू नका. पट्ट्यापट्ट्यांचा पातळ कपडा, भिजला तर अंगावरच वाळवायचा, आणि पायात लाकडी तळाचे जोडे ज्यांच्या खाली बर्फ चिकटत जातो, एवढे पुरे.

कैद्यांनी काय केले

हा भाग रेंगाळत घ्या. प्रत्येक गोष्ट सांगताना तिच्यामागचे कारणही सांगा.

सूपच्या रांगेत जागा. पंगतीत वरण वाढणारा पातेले तळापासून ढवळतो, म्हणून पहिल्याला आणि शेवटच्याला सारखे मिळते. छावणीत ढवळणे वाढणाऱ्याच्या मर्जीवर होते. वरचे नुसते पाणी, बटाटा तळाशी. रांगेत पुढे राहावे तर पाणी. फार मागे राहावे तर पिंप संपायचे. जुना कैदी ती मधली जागा साधायचा प्रयत्न करी. वाडगा हरवला तर सूपच नाही, म्हणून वाडगा कमरेला दोरीने बांधलेला, झोपताना डोक्याखाली.

जोडे. लाकडी जोडा घासून जखम, जखमेत पू, पाय सुजला की जोडा चढत नाही, लंगडत चालणारा पुढच्या 'निवडी'त, म्हणजे कुणाला मारायचे ते ठरवताना, बाजूला काढला जातो. पायाच्या एका फोडापासून मरणापर्यंतची ही साखळी फळ्यावर बाणांनी काढा. निवडीच्या आधी गाल चोळून किंवा चिमटे काढून लाली आणणाऱ्या बायका होत्या. कारण इथेच आहे, डॉक्टर चालणे आणि रंग पाहून क्षणात ठरवत असे.

छपराखालचे काम. सुतार, शिंपी, लोहार, परिचारिका, वाद्य वाजवणारा यांना कधीकधी आत काम मिळे, आणि हिवाळ्यात आत आणि बाहेर यांत जगण्यामरण्याचा फरक होता. पण शिंपी लागतो की नाही हे त्या दिवशीच्या गरजेवर.

भाषा. हुकूम जर्मनमध्ये, आपला आकडाही जर्मनमध्ये ओळखायचा. ग्रीस आणि इटलीच्या ज्यूंना ना जर्मन येई ना पूर्व युरोपातल्या ज्यूंची यिडिश. हुकूम न समजल्याचा मार त्यांना पहिल्या दिवसापासून बसला. चर्चा अहिराणीत होऊ द्या. 'तुमची बोली समजणारे आजूबाजूला एकही माणूस नाही' हे वाक्य मग मुलांना आतून कळते.

धुणे. बराकींत पाटी असे, अर्थ असा: 'एक ऊ म्हणजे तुझा मृत्यू'. उवांतून टायफस हा जीवघेणा ताप पसरे. पण पाणी गढूळ, साबण नाही, टॉवेल नाही. तरी काही जण रोज अंग धुत. काही जण सकाळच्या त्या काळ्या पाण्याने तोंड धुत. त्याने स्वच्छता फारशी होत नव्हती हे त्यांनाही माहीत होते. आपल्याला जनावर ठरवले आहे, ते आपण मान्य केलेले नाही, एवढेच त्यात होते. इथे एक सापळा आहे. 'ज्यांनी धुणे सोडले ते मेले' असे साक्षींत येते आणि वाचणारा त्याचा अर्थ उलटा लावतो. बहुतेकदा धुणे सोडले म्हणून माणूस मेला नव्हता. शरीर संपत आले होते म्हणून हात उठत नव्हता.

दोघांची जोडी. एकट्याला झोपेत पाव सांभाळता येत नाही, आजारात सूप आणता येत नाही, हजेरीला उभे राहता येत नाही. बायकांच्या छावण्यांत रक्ताचे नाते नसलेल्या 'छावणीबहिणी' होत. एक धुवायला गेली की दुसरी जोडे आणि पाव राखी. पाव वाटताना एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा; कापणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. काही ठिकाणी काडी आणि दोऱ्याचा तराजू केला जाई. तो वर्गात करून दाखवता येतो: फूटभर काडी, दोन्ही टोकांना सारख्या लांबीचे दोरे, मध्ये धरायचा दोरा. पट्टीने मोजून मध्य काढला तर तराजू खोटा होतो, कारण काडी एका टोकाला जाड असते. बोटावर तोलून काडी जिथे स्थिर राहते तिथे दोरा बांधा. दोन्हीकडे खडूचे तुकडे लावा, पाव नको. उपाशी माणसांनी इतक्या बारकाईने न्याय सांभाळला, ही गोष्ट मुले हातांनी समजतात.

चोरी. दुसऱ्या कैद्याचा पाव चोरणे हा सर्वांत मोठा गुन्हा मानत. छावणीच्या कोठारातून बटाटा उचलणे याला मात्र वेगळा शब्द होता, 'ऑर्गनाइझ करणे', आणि त्याची लाज नव्हती. उपाशी माणूस कधी पहिल्या बाजूलाही घसरला. त्याचा न्यायनिवाडा वर्गात करायला बसू नये.

बाहेरची मदत. लोरेन्झो पेरोने नावाचा इटालियन गवंडी ऑशविट्झजवळ मजुरीवर होता. तो कैदी नव्हता. सहा महिने त्याने एका ज्यू कैद्याला रोज आपल्या वाट्यातले सूप पोचवले, बदल्यात काही घेतले नाही. पकडला गेला असता तर तोही आत गेला असता. तो कैदी वाचला.

पाककृती. तेरेझिनच्या घेट्टोत आणि राव्हेन्सब्रुकच्या बायकांच्या छावणीत उपाशी बायकांनी सापडेल त्या कागदावर पाककृती लिहिल्या: केक, भरलेली बदके, सणांचे पदार्थ. बचत गटातल्या किंवा महिला वाचक मंडळातल्या बायकांसमोर हा भाग नुसता सांगितला तरी पुढचे बोलणे त्या स्वतः करतात. आईच्या हातचे वरणबट्टीचे माप कोणत्या लेकीला येत नाही? पण दुसरी बाजूही सांगा. काही बराकींत बाकीचे ओरडून हे बोलणे थांबवत, कारण भूक वाढे.

शिकवणे. तेरेझिनहून आणलेल्या कुटुंबांच्या बिर्केनाऊतल्या विभागात फ्रेडी हिर्श या तरुण व्यायामशिक्षकाने मुलांची एक बराक मागून घेतली. तिथे चोरून वर्ग चालत, गाणी होत, आणि हिवाळ्यातही मुलांना थंड पाण्याने धुवायला लावले जाई. ८ मार्च १९४४ रोजी तो गेला. त्या रात्री त्याच्याबरोबर आलेल्या गटातल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांना मारले. तेरेझिनमध्ये फ्रीडल डिकर-ब्रांडाइस मुलांना चित्रकला शिकवत. त्यांनी जपलेली हजारो चित्रे उरली, त्यांवर मुलांची नावे आहेत. त्या स्वतः ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला मारल्या गेल्या, बहुतेक मुलेही. वर्गात एखादे चित्र दाखवायचे असेल तर यांतले दाखवा, आणि ज्याने काढले त्याचे नाव आधी वाचा.

धर्म. १९४४ च्या पेसाख सणात खमीर घातलेला पाव ज्यूंना निषिद्ध. जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झन छावणीत दुसरे अन्नच नव्हते. तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तो पाव खाण्यापूर्वी म्हणायची एक प्रार्थना रचली. तिचा आशय असा: तुझी सणाची आज्ञा पाळायची आमची इच्छा आहे, पण जीव राखण्याचीही तुझीच आज्ञा आहे, म्हणून आम्ही हे खात आहोत. एकादशी पाळणाऱ्या आजीला हे एका वाक्यात समजते.

लिहून पुरणे. प्रेते जाळण्याच्या कामावर जबरीने लावलेल्या कैद्यांपैकी झालमेन ग्रादोव्स्की याने आपले लिखाण धातूच्या पाणबाटलीत घालून तिथेच पुरले. ते १९४५ मध्ये सापडले. तो ७ ऑक्टोबर १९४४ च्या उठावात मारला गेला. त्या उठावासाठी बंदुकीची दारू कारखान्यात काम करणाऱ्या ज्यू मुलींनी चिमटी-चिमटीने, कपड्यांत लपवून आणली होती; रोझा रोबोता आणि तिच्या तीन सोबतिणींना जानेवारी १९४५ मध्ये, छावणी मोकळी व्हायच्या तीन आठवडे आधी, फाशी दिले.

पाहा, यांतले किती जण वाचले नाहीत. प्रत्येक नावाबरोबर शेवटही सांगाच. तो गाळला की हे सगळे 'वाचण्याचे उपाय' वाटू लागतात. ते माणूस म्हणून राहण्याचे उपाय होते, आणि ते मेलेल्यांनीही तितकेच केले.

सुटकेच्या दिवशी थांबू नका

गोष्ट 'मग सैन्य आले' इथे संपवायचा मोह होतो. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य बेर्गन-बेल्झनमध्ये पोचले. सुमारे ६०,००० कैदी होते आणि त्यांतले १३,००० हून जास्त नंतरच्या आठवड्यांत मेले. टायफस हे एक कारण. दुसरे अन्न: महिनोन् महिने उपाशी शरीराला डबाबंद मांस आणि चरबी पचली नाही. डॉक्टरांनी मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले मिश्रण देऊन पाहिले. ते इतके गोड होते की पूर्व युरोपातल्या पुष्कळ रुग्णांना घशाखाली उतरले नाही. भुकेल्याला हळूहळू, थोडे थोडे द्यायचे असते, हे आपल्याकडच्या जुन्या बायका दीर्घ आजारानंतर पेजेपासून सुरुवात करताना पाळत आल्या आहेत.

तिसरी तासिका : वाचणे आणि प्रश्न

एका वेळी एकाच माणसाची साक्ष घ्या, दीड-दोन पाने, आठ-दहा मिनिटांची. आधी चारदा स्वतः मोठ्याने वाचून पाहा. नाट्य आणू नका, आवाज चढवू नका. बातम्या वाचाव्यात तसे सरळ वाचा. वाचून झाल्यावर पूर्ण दोन मिनिटे गप्प राहा. घड्याळ लावा, कारण शिक्षकालाच ती शांतता आधी असह्य होते आणि तो बोलू लागतो.

प्रश्न दरवर्षी तेच येतात.

'धर्म बदलला असता तर?' उपयोग नव्हता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्याने ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरवले. तीन किंवा अधिक ज्यू असतील तर माणूस ज्यू, तो चर्चमध्ये जात असला तरी.

'पळून का गेले नाहीत?' आधी जायला देश नव्हता: जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ इथे ३२ देश जमले आणि जवळपास सगळ्यांनी दारे बंदच ठेवली. नंतर विजेची कुंपणे, भोवती बंदुका, मुंडन केलेले डोके, आणि एक पळाला तर बाकीच्यांना शिक्षा. तरी पळाले. रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर ७ एप्रिल १९४४ ला बाहेरच्या कुंपणाआतल्या लाकडांच्या ढिगाऱ्यात लपले. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून भोवती पेट्रोलमध्ये भिजवून वाळवलेली रशियन तंबाखू पसरली. पहारेकरी तीन दिवस शोधून बाहेरचे कडे उठवतात हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते बरोबर तेवढे दिवस हललेच नाहीत. स्लोव्हाकियात पोचून त्यांनी छावणीचा पूर्ण अहवाल सांगितला.

'लढले का नाहीत?' त्रेब्लिंका ऑगस्ट १९४३, सोबिबोर ऑक्टोबर १९४३, बिर्केनाऊ ऑक्टोबर १९४४. तारखा फळ्यावर लिहा.

'हिटलर शिस्तीचा होता ना?' हा प्रश्न चिडून उडवू नका. त्याचे आत्मचरित्र आपल्याकडे पुस्तकांच्या स्टॉलवर सर्रास मिळते, मुलाने ते घरातही पाहिलेले असते. त्याला फळ्यावरच्या १३० सेंटिमीटरच्या रेघेजवळ न्या आणि ९० ची खूण दाखवा. ज्या शिस्तीची तो गोष्ट करतो, ती शिस्त ही. मालगाडीची वाघीण वेळेवर यायची ती यासाठी: १९४४ च्या मे ते जुलैत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यू असे नेले. मात्र आजच्या कुठल्या पुढाऱ्याला किंवा कडक शिक्षकाला 'हिटलर' म्हणायची चर्चा सुरू झाली की ती तिथेच थांबवा; तिच्यातून विषय हातचा जातो.

कुणी काहीच विचारले नाही तर ओढून काढू नका. कोरा कागद द्या, नाव लिहायची सक्ती नको, आणि आठवड्यानंतर एक मोकळी तासिका ठेवा. खरे प्रश्न तेव्हा येतात. एखादे मूल गप्प झाले, डबा खाईनासे झाले तर घरी निरोप द्या.

फळ्यावरची रेघ तिसऱ्या तासिकेनंतर मुलांच्या देखत पुसा. मैदानावरची फक्की मात्र आखली त्याच संध्याकाळी खराट्याने झाडून काढा आणि वर पाणी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरे तिथे कबड्डी आखायला येतात, आणि जुन्या रेघेवर नवी रेघ चढू नये.